ऍक्सेप्ट करू नको

वृषालीच्या वाढदिवसाला चार गोड शब्द लिहावेत म्हणून साक्षी गुरुवारी सकाळी मंचरच्या स्टँडामागे संपतभाऊंच्या कॅफेत शिरली, आणि पाचव्या मिनिटाला तिला तिथं स्वतःचीच अक्षरं दिसली. वृषालीचं ऑर्कुटचं पान उघडलं होतं. खाली पुण्यातल्या नव्या मैत्रिणींनी लिहिलेली टेस्टिमोनियल एकाखाली एक लागली होती: तू किती गोड, तू किती बिनधास्त, तुझ्याशिवाय हॉस्टेल सुनं. आणि त्यांच्या मधोमध साक्षीचं नाव, फोटोच्या जागी तिनं लावलेला गुलाब, आणि पहिलीच ओळ, ‘ऍक्सेप्ट करू नको हां.’ तिला आधी हसूच आलं. कुणाची गं ही फजिती, असं म्हणायला तिनं तोंडही उघडलं असेल. मग पुढचं वाचलं. ‘आमची होणारी वहिनी बोलत का नाही ते कळलं. अगं ती अडकते. स-स-स-समाधान म्हणायला तिला सोमवार ते शनिवार लागतो. लग्नात नाव घ्यायला उभी राहिली तर वाढपी जेवून घरी जातील तरी नाव पुरं व्हायचं नाही. दादाला पण ठाऊक नाही. कोणाला सांगू नको. हा हा हा हा.’ चार वेळा हा. ते तिनंच मोजून लिहिलं होतं, दहा दिवसांपूर्वी, याच कॅबिनमध्ये, याच झिजलेल्या कीबोर्डवर.

आता ज्यांनी ती साइट त्या दिवसांत वापरली नाही त्यांना हे सांगायला हवं. स्क्रॅप लिहिला की तो चव्हाट्यावर. येणारा-जाणारा कोणीही वाचणार. पण टेस्टिमोनियल, म्हणजे मैत्रिणीचं कौतुक, ते तिनं ऍक्सेप्ट म्हटल्याशिवाय लागायचं नाही, तोवर तिचं तिलाच दिसणार. म्हणून पोरींनी शोध लावला होता की गुपित असलं तर ते कौतुकाच्या खिडकीतून सरकवायचं आणि वर लिहायचं, ऍक्सेप्ट करू नको. सगळं कॉलेज असंच करत होतं. भांडणं त्यातून, प्रेमं त्यातून, परीक्षेचे प्रश्नसुद्धा त्यातून. आणि कधी कुणाचं उघडं पडलंय असं साक्षीनं ऐकलं नव्हतं. ते कसं काढून टाकतात हे तिला माहीत नव्हतं, कारण तशी पाळीच आली नव्हती. तिनं इकडे क्लिक केलं, तिकडे केलं. पान फिरत राहिलं. संपतभाऊ बाहेरून ओरडले, ‘आवरा पोरींनो, अकराला लाईट जाणार हाय!’ आणि खरंच लाईट गेली, अकराला सात मिनिटं कमी असताना. यूपीएस दोनदा टीं टीं करून बंद पडला. काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, घामेजलेलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

‘भाऊ, कधी येईल हो?’

‘पाचला. ह्या आठवड्याचा टाइम तसाच हाय. काय अर्जंट व्हतं का?’

‘न्हाई. तसं काय न्हाई,’ साक्षी म्हणाली आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून बाहेर पडली. उन्हानं डांबर मऊ पडलं होतं. काय अर्जंट व्हतं का! तिला रडावंसं वाटलं, पण स्टँडावर तिच्या गावची, पेठची दोन माणसं उभी होती, त्यांनी लगेच विचारलं असतं काय झालं म्हणून.

कॉइन बॉक्सवरून तिनं वृषालीला फोन लावला. वृषाली आणि ती पहिलीपासून पेठच्या शाळेत एका बाकावर. वृषालीचा बाप रखमाजी मोठा बागाईतदार, साक्षीचे आण्णा भागुजी पंचायत समितीत शिपाई. पण बाक एकच आणि चिठ्ठ्याही एकच. वर्गात लिहिलेली चिठ्ठी वाचून झाली की चावून गिळायची असा त्यांचा कायदा होता, आणि वृषालीनं एकदा शाईच्या चिठ्ठीनं दात निळे करून घेतले होते. तीच वृषाली पुण्याला नर्सिंगला गेली आणि तिचे स्क्रॅप आखूड होत गेले. आधी दहा ओळी, मग चार, मग नुसतं ‘मिस यू’. नव्या मैत्रिणी आल्या, त्यांचे फोटो, त्यांचे विनोद, जे साक्षीला कळायचे नाहीत. खरं सांगायचं तर म्हणूनच लिहिलं होतं ते. वृषाली हसावी म्हणून. पुण्यात कुणाकडे नसेल असं काहीतरी आपल्याकडे आहे हे तिला दिसावं म्हणून. आणि थोडं दादासाठीही. दादा, म्हणजे समाधान, चाकणच्या कंपनीत लागला तेव्हा पहिला मोबाईल साक्षीला घेईन म्हणाला होता. तो मोबाईल गेल्या महिन्यात जुन्नरला अमृताकडे, त्या होणाऱ्या वहिनीकडे गेला. साक्षीनं तोंडानं ‘बरं केलंस दादा’ म्हटलं होतं.

तिसऱ्या वेळेला वृषालीनं फोन उचलला. ‘अय्या, काय सांगतेस! अगं काल वाढदिवसाचे अठरा आले होते, दुपारी बसून धडाधड सगळ्यांवर क्लिक केलं. त्यात तुझं जुनं पण होतं व्हय? थांब, आत्ताच लायब्ररीत जाऊन काढते. आणि एवढी काय घाबरतेस, कोण बघतंय?’ अर्ध्या तासानं साक्षीनं परत फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘काढलं गं बाई. गेलं. आता पाणी पी.’ साक्षी खरंच स्टँडावरच्या टाकीचं पाणी प्यायली. कोण बघतंय? वृषालीच्या पानावर काल दुपारपासून आज दुपारपर्यंत कोण आलं, हे वृषालीलाही धड सांगता येईना. दोनशे चौदा फ्रेंड. त्यांतली एक अमृता. तिला वृषालीशी जोडून कोणी दिली? साक्षीनंच. तिच्या नव्या पानावर दोन तरी फ्रेंड दिसायला पाहिजेत ना, म्हणून.

पेठच्या गाडीत खिडकीपाशी बसून ती तो दिवस पुन्हा पुन्हा काढत राहिली. साखरपुड्यानंतर अमृता डी.एड.च्या कामाला मंचरला आली होती आणि साक्षी तिला कौतुकानं कॅफेत घेऊन गेली. तेव्हा साक्षीचा काय तोरा! कॉलेजात नव्या पोरींना साइट शिकवायची ती जणू नेमलेली बाई होती. तिनं अमृतालाही सगळं बजावलं. स्वतःचा फोटो लावायचा नाही, फूल लाव. मोबाईल नंबर टाकायचा नाही. गावाचं नाव नको, नुसतं पुणे लिही. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली, कितीही गोड बोलला, तरी घ्यायची नाही. उठताना लॉगआउट, मग खिडकी बंद, मग परत उघडून बघायचं की खरंच बंद झालंय का. आणि रीत पण पाळायची. कुणाचा वाढदिवस दिसला की ओळख असो-नसो, दोन शब्द लिहायचे. अमृता मान हलवत होती. तिचे हात मात्र कीबोर्डवर असे भराभर चालत होते की साक्षी बघतच राहिली. ‘माझ्याबद्दल’ असा रकाना आला तिथं तिनं एका दमात आठ ओळी लिहिल्या, कविता आवडतात, मुलांना शिकवायला आवडतं, गवती चहा आवडतो, आणि एकदा मागे वळून हसली. इतकं ती साक्षीशी कधी बोललीच नव्हती.

बाहेर रसवंतीवर ती म्हणाली, मला सांगायचंय. ती कशी बोलली ते इथं अक्षरांत मांडायचं नाही; एकदा मांडून झालंय तेवढं पुष्कळ झालं. रसाचा ग्लास अर्धा झाला तरी पहिलं वाक्य पुरं झालं नव्हतं. ते असं होतं की, लहानपणापासून बोलताना अडकतं, गाण्यात अडकत नाही, पाठ घेताना म्हणून मी चालीवर घेते, आणि ‘स’ सगळ्यांत वाईट, आणि नेमकं त्यांचंच नाव. बघायला आले तेव्हा हो-नाहीवर भागलं. फोनवर तेच बोलतात, मी ऐकते. लग्नाआधी मी त्यांना सांगणार आहे, सराव करतेय. पण मला सांगू दे, तू सांगू नकोस. साक्षीनं तिचा हात धरून म्हटलं होतं, ‘अगं वेडी का तू, माझ्या पोटात राहील.’ तेव्हा तिला ते अगदी मनापासून वाटलं होतं. चौथ्या दिवशी तिनं ते लिहिलं.

घरी आई, द्रौपदाबाई, लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती. शेजारी आत्या ठकूबाई, जिनं आजवर दोन लग्नं मोडली होती आणि दोन्हींचं पुण्य सांगत फिरायची. ‘पोरगी गुणाची हाय,’ आत्या म्हणत होती, ‘पर लई गप. गप माणसाच्या पोटात काय ऱ्हातं कुणाला ठावं.’ साक्षी उंबऱ्यातच थांबली. हिला कळलं तर? पुण्यातल्या कुणी वाचलं, तिनं आपल्या भावाला सांगितलं, भाऊ चाकणला, चाकणहून पेठला कितीसा वेळ. मुलीतला दोष लपवला, आम्हाला फसवलं, म्हणून आत्या बैठकीत उभी राहील. आण्णा मान खाली घालतील. आणि अमृता तिकडे जुन्नरला, जिचा सराव अजून पुरा झालेला नाही. ‘काय गं, ऊन लागलं का?’ आईनं विचारलं. ‘कांदा फोडून देऊ हुंगायला?’ साक्षी नको म्हणाली आणि आत जाऊन पडली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, निळ्या कोटातला, हातात पुस्तक. तिनं कूस बदलली.

शुक्रवारी फोन वाजला की ती दचकायची. लग्नघर, फोन तर दर घटकेला वाजणार. केटरर, मांडववाला, बेल्ह्याचे पाहुणे. दर वेळी ती उंबऱ्याशी उभी राहून आईचं तोंड वाचायची. पाचला लाईट आल्यावर ती मंचरला जाऊन आली. वृषालीचं पान धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अमृताच्या पानावर फूल तसंच, आठ ओळी तशाच. काही लिहावं म्हणून साक्षीनं तिच्या स्क्रॅपबुकात ‘कशी आहेस?’ टाकलं, मग ते खोटं वाटलं म्हणून पुसलं, मग पुसलेलं तिला कळेल का या भीतीनं पुन्हा टाकलं. उत्तर आलं नाही. गप माणूस गप आहे. त्यात बदल झाला हे ओळखायचं कसं?

तिला आठवीतली गोष्ट आठवली आणि ती आठवायला नको होती. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर कुणीतरी विटेच्या तुकड्यानं तिचं नाव लिहिलं होतं, आणि पुढं जे लिहिलं होतं ते तिला तेव्हा पुरतं कळलंही नव्हतं. एवढंच कळलं की त्यात आपल्या वस्तीचं नाव आहे आणि पोरं हसतायत. ती तीन दिवस शाळेत गेली नाही. चौथ्या दिवशी समाधान बादली आणि तारेचा ब्रश घेऊन गेला. तो तेव्हा अकरावीत होता. त्यानं भर मधल्या सुट्टीत, सगळ्या शाळेसमोर, टाकी घासली. कुणी लिहिलं हे त्यानं तिला विचारलं नाही. हाताची सालटी निघाली होती. ‘उद्यापासून जा शाळेत,’ एवढंच म्हणाला. त्या तीन दिवसांत तिला वाटायचं की जगात एकच ओळ लिहिलेली आहे आणि ती प्रत्येकाला पाठ आहे. मग ज्या पोरीला हे माहीत होतं तिनंच ते लिहावं? चार वेळा हा लिहावा? साक्षीनं उशीत तोंड खुपसलं आणि स्वतःला दोन सणसणीत शिव्या घातल्या. त्यानं काही झालं नाही.

शनिवारी संध्याकाळी समाधान आला. दुसऱ्या दिवशी मंचरला बस्ता होता, म्हणजे दोन्हीकडची माणसं बसून लग्नाची कापडं काढणार. तो जेवला, भाकरी मागून घेतली, आण्णांशी मांडवाचं बोलला. साक्षी त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. हात धुवायला तो ओट्याशी आला तेव्हा हलक्या आवाजात म्हणाला, ‘साक्षे, तुला त्या ऑर्कुटचं लई कळतं. त्याच्यावर कुणी वाईटवंगाळ लिहिलं आन मागनं काढून टाकलं, तर कुणी लिहिलं ते सापडतं का गं?’

तिच्या हातात तांब्या होता. तो तिनं फार जपून खाली ठेवला.

‘का रे? काय झालं?’

‘अमृताबद्दल लिहिलंय कुणीतरी. लई घाण. तिच्या बोलण्यावरनं. गुरुवारी फोनवर सांगितलं तिनं मला, सगळंच सांगितलं. मला कायबी वाटलं न्हाई त्याचं, अडकतं तर अडकतं. पर लिहिणारा कोण ते सांगंना. मला वाटतं पुण्याकडचा कोणतरी भामटा असंल, फोटोबिटो मागणारा. तुला काय वाटतं?’

आता बोल, आता बोल, असं आतून कोणीतरी ढोसत होतं. आणि साक्षी बोलली. ती शहाण्या बाईच्या आवाजात म्हणाली, ‘काढून टाकल्यावर नाही सापडत. मी तिला आधीच सांगितलं होतं दादा, अनोळखी माणसांना ऍड करायचं नाही.’ समाधाननं मान डोलावली. ‘बरं केलंस सांगितलंस ते,’ म्हणाला आणि टॉवेल घेऊन गेला. ती तिथंच ओट्याला टेकून राहिली. आपण हे आत्ता काय बोललो, हे तिला नीट ऐकू आलं ते दादा गेल्यावर.

रविवारी दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्हीकडच्या बाया बसल्या होत्या. दुकानदार साड्या उलगडून फेकत होता आणि ठकूबाई प्रत्येकीला नाक मुरडत होती. अमृता आईच्या आड, नेहमीसारखी खाली बघत. साक्षीला तिच्या शेजारीच बसवलं. दोघींचे गुडघे टेकत होते. साक्षीनं हळूच म्हटलं, ‘ही निळी छान दिसेल तुला.’ अमृतानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग ती उठली आणि पाणी पिऊन येते अशी खूण केली, आणि जाताना साक्षीच्या खांद्याला बोट लावलं.

मागं गोडाऊनच्या तोंडाशी माठ होता. गठ्ठ्यांचा कोरा, खळीचा वास. अमृता पाणी प्यायली नाही. ती बोलली, आणि या वेळी तिनं चेहरा वळवला नाही, शब्द अडला की डोळे साक्षीवरच ठेवून थांबायची, आणि साक्षीला थांबावं लागायचं. बुधवारी साइटवर वृषालीचा वाढदिवस दिसला. तू शिकवलं होतंस की ओळख असो-नसो, दोन शब्द लिहावेत. म्हणून गेले तिच्या पानावर.

‘वहिनी, मी...’

अमृतानं हात वर केला. ‘मला बोलू दे.’ मग पुन्हा ते थांबणं. बाहेर दुकानदार भाव सांगत होता, कुणीतरी हसलं. लिहिताना मी अडकत नव्हते, ती म्हणाली. तेवढी एक जागा होती, जिथं मी बाकीच्यांसारखी होते. तिथंच तू मला तसं लिहिलंस.

साक्षीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माफ कर म्हणाली, चुकले म्हणाली, वृषालीनं चुकून ऍक्सेप्ट केलं म्हणाली, आणि हे म्हणताच तिला कळलं की आपण अजूनही दुसऱ्याच चुकीबद्दल बोलतोय. अमृता ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, तीन दिवस न झोपलेल्या माणसाचा. त्यांना सांगायला मला अजून महिना हवा होता, ती म्हणाली. गुरुवारी संध्याकाळीच सांगावं लागलं, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. चाळीस मिनिटं लागली. बॅलन्स संपला, त्यांनी परत लावला. तुझं नाव मी घेतलं नाही. बहीण आहेस त्यांची. मी ते घेणार पण नाही.

एवढं बोलून ती माठाकडे वळली आणि पाणी प्यायली. साक्षीला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला, अगदी पहिल्यांदा तेच वाटलं. कुणाला कळणार नाही. अमृता सांगणार नाही, वृषाली सांगणार नाही, साइटवर काही उरलं नाही. वाकून अमृताच्या पाया पडावं, डोळे पुसावेत, गादीवर जाऊन बसावं आणि निळी साडी काढावी. उन्हाळा जाईल. वहिनी घरात येईल, रोज समोर ताट वाढील, आणि दादा कधीतरी जेवताना पुन्हा म्हणेल, तो भामटा सापडला पाहिजे राव. आणि आपण पाणी वाढू. अमृतानं पदर नीट केला आणि आत गेली. तिनं मागे बघितलं नाही.

समाधान दुकानाच्या पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. ‘काय, काढली का साडी?’ त्यानं विचारलं. ‘मला काय त्यातलं कळत न्हाई बाबा. तुमीच बघा.’

साक्षी त्याच्या शेजारी बसली.

‘दादा, ते मी लिहिलं व्हतं.’

‘काय?’ समोरून नाशिकची गाडी हॉर्न देत गेली. ‘काय लिहिलं?’

मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. कुणाला लिहिलं, का लिहिलं, मोबाईलचं काय वाटलं होतं ते, आणि शेवटी त्याला हवंच होतं म्हणून ती वाक्यं, जशीच्या तशी, वाढपी जेवून जातात इथपर्यंत. आतून आई हाक मारत होती, अगं साक्षी, ही बघ गं, हिला निळी आवडलीय. समाधान चपलांकडे बघत होता.

‘तीन दिस झालं,’ तो म्हणाला, ‘मी कुणीतरी परका माणूस शोधत व्हतो गं.’